न्यू ऑर्लिन्सची वखार बंद झाली तेव्हा: तटस्थ अमेरिकेने लुईझियाना कसं मिळवलं

१६ ऑक्टोबर १८०२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये एक हुकूम निघाला. हुआन व्हेन्तुरा मोरालेस नावाचा स्पॅनिश इंटेंडंट, म्हणजे तिथली तिजोरी आणि जकात बघणारा अधिकारी, त्याने जाहीर केलं की अमेरिकन लोकांना यापुढे इथे माल उतरवून ठेवता येणार नाही. एवढंच. नदीतून येऊ नका असं तो म्हणाला नव्हता, गोळी कोणी झाडली नव्हती. पण त्या एका कागदानंतर पुढच्या सहा-सात महिन्यांत जे काही हललं त्याच्या शेवटी अमेरिका नावाचा देश दुप्पट झाला, आणि तोही इंग्लंड-फ्रान्सच्या भांडणात कुणाच्याच बाजूने न उतरता. मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण तटस्थ राहणं म्हणजे हाताची घडी घालून गप्प बसणं असं आपण सरसकट समजतो आणि इथे तसं अजिबात नव्हतं, आणि दुसरं म्हणजे या तटस्थपणाची किंमत कोणी मोजली हे बहुतेक ठिकाणी सांगितलंच जात नाही.

आधी माल उतरवण्याचं एवढं काय ते बघू. केंटकी, टेनेसी, ओहायो इकडचा शेतकरी घ्या, अ‍ॅपलाशियन डोंगरांच्या पलीकडे राहणारा. त्याच्याकडे पीठ, तंबाखू, खारवलेलं डुकराचं मांस, व्हिस्की. डोंगर ओलांडून गाडीने पूर्वेला फिलाडेल्फियाला न्यायचं तर भाड्यातच सगळं संपणार. म्हणून तो सपाट बुडाची लाकडी होडी ठोकायचा, मोठ्या चौकोनी पेटीसारखी, फ्लॅटबोट, तिच्यात पिंपं भरायची आणि ओहायो नदीतून मिसिसिपीत, मिसिसिपीतून प्रवाहाबरोबर थेट खाली न्यू ऑर्लिन्सपर्यंत. ही होडी परत वर येत नसे, एवढ्या प्रवाहाविरुद्ध ओढणार कोण, स्टीमबोट यायला अजून वेळ होता, म्हणून ती तिथेच मोडून लाकूड विकायचं आणि पैसे सांभाळत नॅचेझ ट्रेस नावाच्या जंगलवाटेने शेकडो मैल चालत घर गाठायचं. आता ही पेटीसारखी होडी समुद्रात जाऊच शकत नाही. म्हणजे माल कुठेतरी उतरवायचा, वखारीत ठेवायचा आणि समुद्री जहाज लागलं की त्यावर चढवायचा. ती वखारीची जागाच काढून घेतली तर नदी मोकळी असून काय करायची? नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते नाक म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा धक्का. परराष्ट्रमंत्री मॅडिसनने त्याच नोव्हेंबरात माद्रिदमधल्या आपल्या वकिलाला, म्हणजे राजदूताला, लिहिलं की पश्चिमेकडच्या लोकांना मिसिसिपी म्हणजे सर्वस्व आहे, हडसन, डेलावेअर, पोटोमॅक आणि अटलांटिककडच्या सगळ्या नद्या मिळून एक प्रवाह केला तर जे होईल ते.

हा वखारीचा हक्कसुद्धा तटस्थपणातूनच मिळालेला होता, हे मुद्दाम सांगतो. १७९३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सची लढाई जुंपली तेव्हा अमेरिकेचा फ्रान्सशी १७७८ चा मैत्रीचा करार होता, त्या करारामुळेच तर स्वातंत्र्ययुद्ध जिंकलं होतं. तरी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने २२ एप्रिल १७९३ ला जाहीर केलं की आम्ही कुणाच्याच बाजूने नाही. फ्रान्सचा वकील जने याने अमेरिकेच्या बंदरांतून खासगी लढाऊ जहाजं सज्ज करायला सुरुवात केली, जॉर्ज रॉजर्स क्लार्क या अमेरिकन सेनानीला हाताशी धरून स्पॅनिश लुईझियानावर, म्हणजे न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीच्या पश्चिमेकडच्या स्पेनच्या अफाट मुलखावर, स्वारीचा बेत केला, तेव्हा वॉशिंग्टनने फ्रान्सला सांगितलं याला परत बोलवा. मग १७९४ मध्ये अमेरिकेचा दूत जॉन जे याने इंग्लंडशी करार केला. त्यावरून अमेरिकेत प्रचंड ओरड झाली, सेनेटमध्ये २० विरुद्ध १० अशी जेमतेम दोन तृतीयांश मतं पडली, पण त्याचा परिणाम स्पेनवर झाला. स्पेनला वाटलं इंग्लंड आणि अमेरिका आता एक झाले, उद्या दोघं मिळून लुईझियानावर येतील. त्या भीतीपोटी २७ ऑक्टोबर १७९५ ला स्पेनने अमेरिकेचा दूत पिंकनी याच्याबरोबर करार केला, मिसिसिपी खुली केली आणि न्यू ऑर्लिन्समध्ये जकात न भरता माल ठेवायचा हक्क तीन वर्षांसाठी दिला, नंतरही तो चालूच राहिला. म्हणजे कुणाच्याही गोटात न जाता, पण जाऊ शकतो एवढं दुसऱ्याच्या मनात ठेवून, काम करून घ्यायचं. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे तीच पुन्हा येते.

आता १८०२ ला परत येऊ. मोरालेसचा हुकूम आला तेव्हा लोकांना स्पेनची जेवढी भीती वाटली त्याहून जास्त नेपोलियनची वाटली. कारण स्पेनने लुईझियाना गुपचूप फ्रान्सला परत द्यायचं कबूल केलं होतं, सान इल्देफोन्सोचा करार, १ ऑक्टोबर १८००. आणि तारीख बघा, त्याच्या आदल्या दिवशी, ३० सप्टेंबरला, फ्रान्सने अमेरिकेशी समेट केला होता, ज्यात तो जुना १७७८ चा मैत्रीचा करार रद्द झाला आणि दोन वर्षं समुद्रात चाललेली अघोषित लढाई थांबली. आदल्या दिवशी हात मिळवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याच्या दारात जमीन घेतली. स्पेन हा म्हातारा, अशक्त शेजारी होता, त्याच्याकडे न्यू ऑर्लिन्स राहिलेलं अमेरिकेला चालत होतं, आज ना उद्या मिळेल असं वाटायचं. नेपोलियन तिथे येऊन बसला की विषयच संपला.

राष्ट्राध्यक्ष जेफरसन, जो १८०१ मध्ये पद घेतानाच्या पहिल्या भाषणात म्हणाला होता की सगळ्या देशांशी शांतता, व्यापार आणि प्रामाणिक मैत्री, पण अडकवणारी युती कुणाशीच नाही, त्याच जेफरसनने १८ एप्रिल १८०२ ला पॅरिसमधल्या आपल्या वकिलाला, रॉबर्ट लिव्हिंगस्टनला, एक पत्र लिहिलं. त्यात त्याने म्हटलं की पृथ्वीवर अशी एकच जागा आहे जिचा मालक आपोआप आमचा शत्रू होतो, ती म्हणजे न्यू ऑर्लिन्स, आणि ज्या दिवशी फ्रान्स तिचा ताबा घेईल त्या दिवसापासून आम्हाला ब्रिटिश आरमाराशी लग्न लावावं लागेल. हे लिहिणारा माणूस आयुष्यभर इंग्लंडवर डूख धरून असलेला, फ्रान्सवर जीव असलेला. आणि पत्र पाठवलं कसं तर द्यु पाँ द नेमूर नावाच्या फ्रेंच मित्राच्या हाती, लखोटा बंद न करता, म्हणजे तो वाचेल, पॅरिसमध्ये योग्य कानांपर्यंत ते जाईल. ही धमकी होती आणि ती तशी पोचावी हीच इच्छा होती. द्यु पाँने ते वाचून उलट सल्ला दिला की धमकावू नका, विकत मागा. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणं वाक्य हेच होतं.

वखार बंद झाल्याची बातमी वर पोचली तेव्हा केंटकीत लोक पेटले. विरोधी पक्ष फेडरलिस्ट, त्यांना ही आयती संधी, त्यांचा नेता हॅमिल्टन म्हणायला लागला आधी घ्या आणि मग बोलणी करा, पेन्सिल्व्हेनियाचा सेनेटर जेम्स रॉस याने फेब्रुवारी १८०३ मध्ये ठराव मांडला की ५० हजार मिलिशिया, म्हणजे नागरिकांतून उभी केलेली फौज, आणि ५० लाख डॉलर द्या, जाऊन न्यू ऑर्लिन्स ताब्यात घ्या. जेफरसनने तसं केलं नाही. त्याने जानेवारीतच जेम्स मन्रोला खास दूत म्हणून नेमलं होतं, पश्चिमेकडच्या लोकांचा मन्रोवर विश्वास होता त्यामुळे निम्मी आग तिथेच विझली, काँग्रेसकडून २० लाख डॉलर मंजूर करून घेतले, आणि मन्रोला सांगितलं न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडा यासाठी पाच कोटी फ्रँकपर्यंत जा. तेही जमलं नाही आणि फ्रान्सने नदीच बंद केली तर मग इंग्लंडशी बोलायचं. युती हा पर्याय होता, पण सगळ्यात शेवटचा, आणि तो हातात आहे हे फ्रान्सला कळेल एवढी व्यवस्था मात्र पहिल्यापासून केलेली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याच हिवाळ्यात, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज स्वतःच्या खर्चाने पदरी घेतली. होळकरांनी पुणं जिंकलं होतं, पेशवा पळालेला होता, त्याची परिस्थिती वेगळी होती हे खरं, आणि ३ हजार मैलांचा समुद्र मध्ये असणं आणि इंग्रज मुंबईत बसलेला असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण जी गोष्ट जेफरसनने फक्त बोलून दाखवायला वापरली ती बाजीरावाने सही करून टाकली, आणि पुढच्याच वर्षी असई, लासवारी, आडगावच्या लढायांत मराठे इंग्रजांकडून हरले. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलेस्ली यालाही भीती फ्रेंचांचीच होती, आणि नेपोलियनने मार्च १८०३ मध्ये जनरल दकाँला खरोखरच पाँडिचेरीकडे पाठवलंही होतं. एकाच भांडणाची ही दोन टोकं आहेत आणि आपण ती वेगवेगळ्या धड्यांत वाचतो.

आता पॅरिस. लिव्हिंगस्टन तिथे वर्षभराहून जास्त काळ दारं ठोठावत होता. कानाने थोडं कमी ऐकू यायचं, फ्रेंच यथातथा, परराष्ट्रमंत्री तालेराँ त्याला उभं करत नव्हता, लुईझियाना आमच्याकडे आहेच कुठे असंच उत्तर मिळायचं. आणि ११ एप्रिल १८०३ ला तालेराँने अचानक विचारलं, सगळं लुईझियाना घ्यायचं झालं तर किती द्याल? लिव्हिंगस्टनला वाटलं ऐकण्यात चूक झाली असावी, कारण तो एका शहराबद्दल बोलायला आलेला आणि हा माणूस अख्खं खोरं समोर ठेवतोय. मन्रो पॅरिसला पोचला दुसऱ्या दिवशी. पुढची घासाघीस तिजोरीचा मंत्री बार्बे-मार्ब्वा याच्याबरोबर झाली, हा माणूस पूर्वी अमेरिकेत राहिलेला, बायको फिलाडेल्फियाची, दोघांनाही ओळखणारा. आकडा १० कोटी फ्रँकपासून सुरू झाला आणि ८ कोटींवर ठरला. यातले ६ कोटी जमिनीचे आणि २ कोटी फ्रान्सकडून अमेरिकन व्यापाऱ्यांचं जे येणं अडकलेलं होतं त्याचे, ते अमेरिकेच्या सरकारने आपल्याच लोकांना द्यायचे. मला हा दुसरा भाग फार बोलका वाटतो. तटस्थ देशाचे व्यापारी फ्रान्सला माल पुरवत होते, त्यांची जहाजं अडकवली जात होती, पैसे बुडत होते, आणि तेच बुडीत येणं शेवटी खरेदीखतात किमतीचा भाग म्हणून आलं. एकूण दीड कोटी डॉलर. करारावर तारीख ३० एप्रिल १८०३ ची.

नेपोलियनने का विकलं? पाठ्यपुस्तकात लिहितात की इंग्लंडशी पुन्हा युद्ध जवळ आलं होतं आणि पैसा हवा होता. खरं आहे, युद्ध १८ मेला जाहीर झालंच. पण त्याआधीचं कारण हैतीत आहे, कॅरिबियन समुद्रातली फ्रेंच वसाहत, तेव्हाचं नाव सेंट डोमिंग. नेपोलियनच्या डोक्यात योजना अशी होती की सेंट डोमिंगच्या मळ्यांत साखर पिकवायची आणि त्या बेटाला लागणारं धान्य, लाकूड लुईझियानातून पुरवायचं. त्यासाठी बेट हातात हवं, आणि तिथे तर गुलामांनी १७९१ पासून उठाव करून स्वतःची सत्ता उभी केली होती, तूसाँ लूव्हेर्तूरच्या हाताखाली. नेपोलियनने मेहुणा लक्लेर याला मोठं आरमार देऊन पाठवलं. तूसाँला बोलणीच्या निमित्ताने बोलावून पकडलं, फ्रान्समध्ये डोंगरातल्या थंडगार किल्ल्यात कोंडलं, ७ एप्रिल १८०३ ला तो तिथेच मेला. तारीख परत बघा. चार दिवसांनी तालेराँने लिव्हिंगस्टनला किंमत विचारली. आणि बेटावर काय झालं तर पिवळ्या तापाने फ्रेंच फौज हजारोंनी मेली, खुद्द लक्लेर नोव्हेंबर १८०२ मध्ये गेला, आणि गुलामी परत आणणार हे कळल्यावर बेटावरचे लोक असे लढले की फ्रेंचांना पाय रोवता आला नाही. लुईझियानासाठी जमवलेली दुसरी फौज हॉलंडच्या बंदरात बर्फात अडकून पडली. बेटच गेलं तर त्याला धान्य पुरवणारी जमीन ठेवून करायचं काय?

म्हणजे अमेरिकेला जे मिळालं त्यासाठी रक्त सांडलं ते त्या बेटावरच्या काळ्या माणसांचं. आणि अमेरिकेने काय केलं? तिचे व्यापारी तिथे माल विकत राहिले, उठाव करणाऱ्यांनाही विकला, जेफरसन सरकारने बराच काळ ते चालू दिलं कारण फ्रान्स तिथे गुंतून पडणं सोयीचं होतं. मग १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं, आणि १८०६ मध्ये याच जेफरसनच्या काळात अमेरिकेने हैतीशी व्यापार कायद्याने बंद केला. मान्यता दिली ती १८६२ मध्ये, लिंकनच्या वेळी. गुलाम स्वतःचं राज्य करतात हे दक्षिणेकडच्या मळेवाल्यांना सहन होणारं नव्हतं. हे वाचताना मला दरवेळी राग येतो आणि तो यावा असंच ते आहे.

पैशाचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १८०३ मध्ये अमेरिकेच्या सरकारचं वर्षाचं उत्पन्न दीड कोटीपेक्षा कमी होतं, रोख कुठून देणार. म्हणून १ कोटी साडेबारा लाख डॉलर सहा टक्के व्याजाच्या रोख्यांत दिले. नेपोलियनला रोखे नकोत, त्याला लढायला नाणं हवं, म्हणून ते रोखे लंडनच्या बेअरिंग आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी सवलतीत घेतले. लंडनची पेढी, आणि पैसा इंग्लंडशी लढणाऱ्या नेपोलियनला, तरीही सुरुवातीला ब्रिटिश सरकारने आडकाठी केली नाही, कारण फ्रान्स अमेरिका खंडातून बाहेर पडतोय यात त्यांना जास्त फायदा दिसला. तटस्थ असल्यामुळेच हे जमलं. अमेरिका एका बाजूला गेली असती तर दुसऱ्या बाजूची तिजोरी तिच्यासाठी उघडली नसती.

बदल्यात ८ लाख २८ हजार चौरस मैल, म्हणजे साधारण सात महाराष्ट्र मावतील एवढी जमीन, एकराला तीन सेंटच्या आसपास. बातमी वॉशिंग्टनमध्ये ४ जुलै १८०३ ला छापून आली. आणि जेफरसन अडचणीत आला, कारण राज्यघटनेत जे लिहिलंय तेवढंच केंद्र सरकारने करावं असं म्हणणारा तो, आणि परका मुलूख विकत घ्यायचा अधिकार तर कुठेच लिहिलेला नाही. त्याने घटनादुरुस्तीचा मसुदा स्वतः लिहिला. तेवढ्यात पॅरिसहून कळलं की नेपोलियनचं मन फिरतंय, मुदत ३० ऑक्टोबरची आहे, उशीर नको. मसुदा बाजूला पडला. २० ऑक्टोबरला सेनेटने २४ विरुद्ध ७ ने मंजुरी दिली. सप्टेंबरात त्यानेच एका मित्राला लिहिलं होतं की ओढूनताणून अर्थ लावायला लागलो तर घटना कोरा कागद होईल, आणि मग त्याने तेच होऊ दिलं. मी त्याला पूर्ण दोष देत नाही, पण हे सोपं नव्हतं आणि त्याला ते टोचत होतं हे त्याच्या पत्रांतून कळतं.

स्पेनने तक्रार केली की फ्रान्सने आम्हाला शब्द दिला होता हा मुलूख तिसऱ्याला देणार नाही. बरोबर होती तक्रार, पण ऐकणार कोण. हद्दही धड ठरलेली नव्हती. लिव्हिंगस्टनने विचारलं तेव्हा तालेराँ म्हणाला मी काही सांगू शकत नाही, तुम्ही चांगला सौदा केलाय, त्याचा जास्तीत जास्त उपयोग करून घ्याल असं धरतो. अमेरिकेने तसंच केलं, पश्चिम फ्लोरिडा आमच्यातच येतं म्हणत १८१० मध्ये बॅटन रूजचा भाग घेतला आणि १८१९ च्या करारात उरलेलं फ्लोरिडाही.

पण सगळ्यात मोठा प्रश्न हा की विकलं कोणी आणि जमीन होती कोणाची. फ्रान्सचा ताबा होता न्यू ऑर्लिन्स, सेंट लुईस आणि नदीकाठच्या थोड्या वस्त्यांवर, तोही स्पेनमार्फत. उरलेल्या मुलखात ओसेज, क्वापॉ, कॅडो, पॉनी, मँडन, लकोटा असे लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते, सातबारा म्हणाल तर त्यांचा, आणि पॅरिसच्या टेबलावर त्यांना कोणी विचारलं नाही. अमेरिकेने विकत घेतला तो खरं तर एवढाच हक्क, की या लोकांकडून जमीन घ्यायची झाली तर ती युरोपच्या दुसऱ्या कुठल्या देशाने नाही, आम्ही घ्यायची. आणि कशी घ्यायची याचा विचार जेफरसनने करार व्हायच्या आधीच केला होता. २७ फेब्रुवारी १८०३ ला, मन्रो अजून निघायचा होता तेव्हा, त्याने इंडियानाचा गव्हर्नर हॅरिसन याला खासगी पत्रात लिहिलं की त्यांच्यातल्या वजनदार लोकांना सरकारी दुकानांत उधारी करू द्या, कर्ज डोक्यावर गेलं की ते जमीन देऊन फेडायला तयार होतात. सावकारी आपल्याकडे ज्याने बघितली आहे त्याला हे वाक्य दुसऱ्यांदा वाचायची गरज नाही.

आणि खालच्या बाजूला, न्यू ऑर्लिन्सच्या आसपास, उसाचे आणि कापसाचे मळे वाढले, गुलाम वाढले. करारातलं तिसरं कलम म्हणत होतं की इथल्या रहिवाशांना नागरिकांचे सगळे हक्क मिळतील. गुलाम त्या रहिवाशांत मोजलेच नव्हते. १८११ मध्ये त्याच नदीकाठी त्यांचा मोठा उठाव झाला आणि तो निर्दयपणे चिरडला गेला.

२० डिसेंबर १८०३ ला न्यू ऑर्लिन्सच्या चौकात फ्रान्सचा झेंडा खाली आला आणि अमेरिकेचा वर गेला. पुढच्या उन्हाळ्यात, जुलै १८०४ मध्ये, ओसेज सरदार हजारभर मैलांचा प्रवास करून वॉशिंग्टनला जेफरसनला भेटायला आले. जेफरसनने त्यांना सांगितलं की फ्रेंच आणि स्पॅनिश गेले, आता त्यांच्या जागी आम्ही आहोत, तुमचे शेजारी, मित्र आणि वडील. चार वर्षांनी, १० नोव्हेंबर १८०८ ला, मिसूरी नदीवरच्या फोर्ट क्लार्कला ओसेज लोकांनी एका करारावर खुणा केल्या आणि आजच्या मिसूरीचा बहुतेक भाग व आर्कान्सा नदीच्या उत्तरेचा मुलूख सोडला. बदल्यात रोख १२०० डॉलर आणि दरसाल १५०० डॉलरचा माल.